सकाळचे राग सकाळी ऐकू द्या : खान्देशातल्या संगीत महोत्सवांच्या आयोजकांना खुले पत्र

खान्देशातल्या संगीत महोत्सवांचे आयोजक, संगीत मंडळांचे पदाधिकारी, नाट्यगृहांचे व्यवस्थापक आणि दिवाळी पहाट भरवणारी सगळी मित्रमंडळं यांना,

सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, कुठल्याही गावी शास्त्रीय गायन ऐकायला जा, पहिला राग काय असेल ते घरून निघतानाच सांगता येतं. यमन. नाहीतर पुरिया कल्याण, नाहीतर मारुबिहाग. मग बागेश्री किंवा रागेश्री, एखादं नाट्यपद, एक अभंग आणि दहाला पाच कमी असताना भैरवी. कलाकार बदलतात, घराणी बदलतात, शाल-श्रीफळ देणारे हात बदलतात, राग मात्र तेच. यात गायकांचा काही दोष नाही. संध्याकाळी साडेसात ते दहा एवढाच वेळ तुम्ही त्यांना देता आणि त्या वेळेला जे शोभतं ते ते गातात.

म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितोय, गायकांना नाही. मागणी एकच आहे. आपल्याकडे मैफली सकाळीही व्हाव्यात आणि दुपारीही व्हाव्यात. त्या होत नाहीत म्हणून निम्म्याहून जास्त रागसंगीत इथल्या माणसाला समोर बसून ऐकायलाच मिळत नाही.

हिशोब सोपा आहे. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार, प्रत्येक प्रहर तीन तासांचा. तुमचा कार्यक्रम रात्रीच्या पहिल्या प्रहरात सुरू होतो आणि दुसऱ्याचा उंबरा ओलांडला न ओलांडला तोच आवरतो. बाकीच्या प्रहरांत काय काय राहून जातं ते बघा. पहाटेचे ललत आणि भटियार. उगवतीचे भैरव, रामकली, जोगिया. ऊन जरा वर आलं की तोडी, देसी, आसावरी, जौनपुरी, अल्हैया बिलावल. भर दुपारी सारंगांचं अख्खं कुटुंब. उन्हं कलली की भीमपलास, पटदीप, मुलतानी. आणि मध्यरात्रीकडे झुकणारे मालकंस, दरबारी, अडाणा, त्यापुढे परज आणि सोहनी. ही काही कोपऱ्यातल्या अनवट रागांची यादी नाही. तोडी आणि भैरव म्हणजे या संगीताचे खांब आहेत. खान्देशात वाढलेल्या, गाण्याची आवड असलेल्या, पंचविशीतल्या कुणालाही विचारा, त्यानं विलंबित तोडी समोर बसून कधी ऐकली आहे का. मोबाइलवर ऐकली असेल, उत्तम आहे. पण बंद पेटीतला आवाज आणि तंबोऱ्यांपासून दहा हातांवर बसून ऐकलेला कोमल गंधार यांतला फरक तुम्हाला मी सांगायला नको. तो फरक मान्य आहे म्हणूनच तुम्ही महोत्सव भरवता.

आता कुणी म्हणेल, वेळ-बिळ सगळं मानण्यावर असतं. खरंच आहे, पुष्कळसं मानण्यावरच आहे. अमुक राग अमुक वेळी गायला तरच शरीरावर तमुक परिणाम होतो, दीपक गायला की दिवे लागतात, मल्हारानं पाऊस पडतो, असल्या गोष्टी मी तरी मानत नाही आणि त्या सांगून तुम्हाला पटवणार नाही. (पावसाचं तसं खरं असतं तर अवर्षणाच्या वर्षी खान्देशानं गवयांना गावोगाव फिरवलं असतं.) दक्षिणेकडे कर्नाटक संगीतात वेळेचं बंधन आपल्याइतकं पाळत नाहीत आणि त्यांचं गाणं काही उणं झालेलं नाही. तेव्हा रात्री तोडी गायल्यानं पाप लागतं असं माझं म्हणणं नाहीच. कुणी गायलीच तर मी उठून जाणार नाही, मांडी ठोकून ऐकेन.

पण या मानण्यामागे किती बारीक कान आहे ते तरी बघा. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशानं वकील. देशभर हिंडून त्यांनी उस्तादांकडून चिजा जमवल्या, रागांची दहा थाटांत, म्हणजे सुरांच्या दहा मूळ साच्यांत, मांडणी केली आणि हे सगळं मराठीत लिहून ठेवलं. गवयांच्या चालत आलेल्या वहिवाटीतूनच त्यांनी वेळेचे काही नियम शोधून काढले. रिषभ (रे) कोमल, म्हणजे उतरवलेला, आणि गंधार (ग) शुद्ध असे राग सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास येतात, म्हणजे संधिप्रकाशाचे. त्यांच्यामागून रिषभ, गंधार, धैवत (ध) शुद्ध असलेले येतात आणि त्यांच्यामागून गंधार, निषाद (नि) कोमल असलेले. हे चक्र दिवसातून दोनदा फिरतं. मग सकाळ कुठली आणि संध्याकाळ कुठली हे कशावरून ओळखायचं? मध्यमावरून. भैरवात मध्यम शुद्ध आहे, पूर्वीत तीव्र, म्हणजे चढवलेल्या, मध्यमाचं राज्य आहे. एका सुरानं दिवसाची रात्र होते. एका गटातून दुसऱ्यात नेणाऱ्या रागांनाही त्यांनी नाव दिलं, परमेलप्रवेशक. मुलतानी तसा, जयजयवंती तशी. अपवाद भरपूर आहेत. खुद्द तोडीत तीव्र मध्यम असून ती सकाळची, आणि भातखंड्यांना ते ठाऊक होतंच. पण नियम वहिवाटीतून आलेला असल्यामुळे अपवादांनी तो मोडत नाही.

मला स्वतःला त्याहून मोलाच्या वाटतात त्या जोड्या. तोडी आणि मुलतानी घ्या. दोन्हींचे सूर सारखेच: रिषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र, निषाद शुद्ध. तोडी सकाळची, मुलतानी उन्हं उतरतानाची. मुलतानी वर चढताना रिषभ आणि धैवत टाकून जाते आणि पंचमावर विसावते; तोडी धैवताला बिलगून असते आणि पंचमाशी जरा अंतर राखून वागते. भूप आणि देसकार घ्या, तेच पाच सूर. भूप रात्रीचा, गंधारावर निवांत बसलेला. देसकार सकाळचा, धैवत धरून वरच्या अंगानं उजळणारा. आणि मारवा, पुरिया, सोहनी? सहा सूर तिघांचे तेच, पंचमाला तिघांच्याही घरात प्रवेश नाही. मारवा सूर्य बुडतानाचा, रिषभ-धैवतावर अधांतरी लटकणारा, षड्जावर यायला टाळाटाळ करणारा. पुरिया त्यानंतरचा, खालच्या सप्तकात गंधार-निषादाशी रेंगाळणारा. सोहनी रात्र सरतानाची, तार षड्जाभोवती भिरभिरणारी. सूर तेच, वेळ बदलली की चाल बदलली. हे एखाद्या श्रोत्याला कळायचं कसं? सांगून? व्याख्यानातून? एका दिवशी सकाळी तोडी आणि त्याच दिवशी चार वाजता मुलतानी एकाच गळ्यातून ऐकली की अर्ध्या तासात कळतं. संध्याकाळच्या एकट्या मैफलीत या जोड्यांतलं एकच कुणीतरी भेटतं, दुसरं जन्मात भेटत नाही.

भीमसेन जोशींना सवाई गंधर्वांनी मुख्यतः तीन राग घोटवले असं सांगतात: तोडी, मुलतानी आणि पुरिया. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एवढा मोठा गवई घडवताना गुरूनं दिवसाचे तीन कोन पक्के करून घेतले, आणि आपण श्रोत्यांना एकाच कोनात उभं करून ठेवलंय.

बरं, संध्याकाळ तरी धड मिळते का? जानेवारीत आपल्याकडे सूर्य सहा-सव्वासहालाच मावळतो. मारवा, श्री, पूर्वी, पुरिया धनाश्री यांची खरी घटका तीच. कार्यक्रम सातचा. सात वाजता दीपप्रज्वलनाची समई शोधायला माणूस जातो. मग सरस्वतीपूजन, प्रास्ताविक, पाहुण्यांचे सत्कार, प्रायोजकांचे सत्कार, सत्काराला उत्तर, गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचा आढावा. तंबोरे जुळतात आठला. श्री रागाची वेळ सूत्रसंचालनात गेली. त्यातही मानाचे पाहुणे दुसऱ्या कार्यक्रमाला जायचे म्हणून पहिल्या बंदिशीच्या मध्यात उठतात, पुढच्या रांगेतली निम्मी मंडळी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला जाते, आणि गायक बिचारा डोळे मिटून समेची वाट बघत राहतो. सत्कार करू नका असं मी म्हणत नाही. मध्यंतरात करा, चहाबरोबर.

दहाच्या ठोक्याचंही ऐका. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ते अधिक घट्ट केले, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सूट गणपती-नवरात्रांत संपते, ख्यालगायनाच्या वाट्याला येत नाही. डीजेवाल्यांच्या पापाची शिक्षा दरबारी कानड्याला झाली असं मी गमतीनं म्हणतो. तरी नियम चांगला आहे, आणि दवाखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला विचारलंत तर तोही हेच सांगेल. फक्त तो नीट वाचा. बंद सभागृहात, आतल्या आत, आवाज बाहेर न जाता कार्यक्रम करायला त्यात मोकळीक आहे. जळगावला संभाजीराजे नाट्यगृह आहे, धुळ्याला राजर्षी शाहू नाट्यमंदिर आहे, नंदुरबारला छत्रपती शिवाजी महाराज नाट्यमंदिर आहे. कोजागिरीच्या रात्री यांतल्या एखाद्यात मालकंस का होऊ नये? शंभर माणसांची बैठक असेल तर ध्वनिक्षेपकाचीही गरज नाही. आपले जुने गवई त्याच्याशिवायच गात आले, आणि संगीत नाटकं तर रात्र रात्र चालून उजाडताना संपत.

भैरवी मैफलीच्या शेवटी का आली, त्याचं उत्तर मला तिथंच सापडतं. शास्त्रानं ती सकाळची रागिणी. मैफल रात्रभर चालायची, उजाडताना संपायची, तेव्हा ती आपल्या हक्काच्या वेळी यायची. आता ती घड्याळाकडे बघत दहाच्या आत उरकली जाते. पुण्यात भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाची शेवटची रात्रही एके काळी पहाटेपर्यंत रंगायची. नियम आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला नाही. महोत्सव दुपारी सुरू करू लागले. त्यामुळे तिथल्या श्रोत्याला मुलतानी आणि पटदीप त्यांच्या वेळी ऐकू येतात. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहात सकाळच्या सभा वेगळ्या असतात. भुसावळला गाडीत बसलं की गाडी न बदलता ग्वाल्हेरला उतरता येतं, आयोजकांपैकी दोघा-तिघांनी एका डिसेंबरात जाऊनच या.

तुमच्या सोयीची एक गोष्ट पंचांगात लपलेली आहे. घड्याळ देशभर एकच आहे आणि ते आपल्याहून बरंच पूर्वेला असलेल्या रेखांशावर लावलेलं आहे. खान्देशात सूर्य त्या मानानं सुमारे अर्धा तास उशिरा येतो. जानेवारीच्या मध्याला जळगावला उजाडायला सात वाजून जातात. ध्वनिक्षेपकाची बंदी सहाला उठते. म्हणजे नियमात बसून, उघड्या मैदानावर, सहा ते सात असा पुरता तास तुम्हाला अंधारातून उजेडात जाणारा मिळतो. ललत गा, भटियार गा, सूर्य वर आला की भैरव लावा, नऊला तोडी. बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह जळगावात आहे, ज्यांचं शिकण्याचं वय काही काळ याच गावात गेलं त्या नारायणरावांच्या नावाचं. थंडीतली सकाळ, शाली, कानटोप्या आणि उघड्या आकाशाखाली ललतातले दोन मध्यम एकापाठोपाठ. अशी जागा असताना आपण तिथं फक्त रात्रीचे दिवे लावतो.

"सकाळी येणार कोण?" हा तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. उलटा विचारतो: संध्याकाळी साडेसातला कोण येऊ शकत नाही? दुकानदार येऊ शकत नाही, त्याचा धंदा तेव्हाच असतो. ज्या बाईला घरच्या सहा माणसांचा स्वयंपाक करायचाय तिला येता येत नाही. आली तरी एक डोळा घड्याळावर. यावल-चोपड्याकडचा श्रोता शेवटच्या एसटीसाठी दुसऱ्या रागाच्या द्रुतात उठतो. रब्बीत शेतीची वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात शेतकरी गव्हाला पाणी भरायला शेतात असतो. भुसावळच्या रेल्वेतल्या पाळीवाल्यांचं तर विचारूच नका. माझे वडील रेल्वेत होते. रात्रपाळी करून आले की आंघोळ उरकून आकाशवाणीवरचं सकाळचं गायन ऐकत बसायचे आणि मगच झोपायचे. त्यांना आसावरी आणि जौनपुरी ओळखता यायची, यमन ओळखायला मात्र अडखळायचे, कारण संध्याकाळी ते इंजिनावर असत. आकाशवाणीनं हे एक काम फार निष्ठेनं केलं, सकाळच्या सभेत सकाळचे राग, रात्रीच्या सभेत रात्रीचे. कित्येकांचा कान न शिकता तयार झाला तो तसाच.

आणि सकाळी लोक येतात हे तुम्हीच दाखवून दिलंय की! दिवाळी पहाट. अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, साडेपाचला पोरंबाळं घेऊन लोक येतात, मागे उभं राहून ऐकतात. त्या व्यासपीठावर काय होतं? भावगीतं, चित्रपटगीतं, दोन लावण्या, सूत्रसंचालकाचे विनोद. हौसेला माझी ना नाही. पण वर्षातून एकदा पहाटे पाचशे माणसं स्वतःहून जमलेली असताना सुरुवातीची पाऊण तास एखाद्या तयारीच्या गायकाकडून अहिर भैरव किंवा ललत गाऊन घ्यायला काय हरकत आहे? लोक उठून जातील ही भीती फुकट आहे. उठून जायचं कुठं, फराळ तर कार्यक्रमानंतर आहे.

गावांकडे तर सकाळचं गाणं कधी थांबलंच नाही. कार्तिकात विठ्ठलाच्या देवळात पाचला काकडा चालतो, म्हातारीकोतारी थंडीत टाळ धरून उभी असतात. आपल्या बहिणाबाईंना (१८८०–१९५१) ओव्या सुचल्या त्या जात्यावर आणि शेतात, कामाच्या वेळेशी बांधलेल्या. खान्देशाला गाण्याची वेळ कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. कानबाईची गाणी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, रात्र जागवत. गुलाबाईची भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वैशाखाच्या वणव्यात झोके बांधतात आणि माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणतात. आखाजीचं गाणं दिवाळीत म्हणा असं एखाद्या मायमाउलीला सांगून बघा, ती तुमच्याकडे कशी बघेल! वांग्याचं भरीत जसं आपण थंडीतच करतो, कारण त्याची वांगी तेव्हाची, तसंच हे. सातपुड्यापलीकडे देवासला राहून कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून राग उभे केले, ऋतूंची गाणी ऋतूंनुसार मांडली. आपल्या अहिराणी गाण्यांतल्या सुरांकडे त्या कानानं बघायला इकडे फारसं कुणी बसलेलं दिसत नाही. पण तो वेगळ्या पत्राचा विषय झाला.

एक मुद्दा शिकणाऱ्या मुलांचा. खान्देशातल्या गावोगावच्या क्लासांत मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसतात, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. तोंडी परीक्षेत विचारतात, भीमपलासाचा गानसमय? मूल धडाधड सांगतं, दिवसाचा तिसरा प्रहर. भैरवाचा? दिवसाचा पहिला प्रहर. गुण मिळतात. शाळेमुळे क्लास संध्याकाळी सहाला, त्यामुळे तेच मूल भैरव शिकतं दिवेलागणीला. आंदोलित रिषभ-धैवत बाईंनी दाखवलेत म्हणून हलवतं. पहिल्या प्रहरात तो रिषभ कसा लागतो हे त्यानं ऐकलेलं नाही. क्लास बदलता येणार नाही, मान्य. पण रविवारी सकाळी मैफल ठेवली तर निदान ऐकता येईल. तुमच्या सकाळच्या मैफलीचे पहिले शंभर श्रोते हे, त्यांचे पालक आणि त्यांचे गुरुजी. जाहिरातीचा खर्चही नाही.

खर्चाचं म्हणाल तर मी थोडा हिशोब केला आहे. कलाकार मुंबई-पुण्याहून येतो. मानधन, साथीदारांचं मानधन, प्रवास, मंडप किंवा सभागृह, ध्वनिव्यवस्था. हा खर्च शनिवारच्या संध्याकाळसाठी तुम्ही करताच. त्याच कलाकाराला रविवारी सकाळी पुन्हा बसवा. तबलजी गावात आहेत, पेटीवाले आहेत, ध्वनिव्यवस्था लावलेली आहे, सतरंज्या अंथरलेल्या आहेत. वाढतं ते एक रात्रीचं राहणं, नाश्ता आणि सकाळच्या बैठकीची वेगळी बिदागी. ती द्याच, 'कालच्यातच बसवून घ्या' म्हणू नका. कलाकारही खूश होतात, कारण त्यांनाही सकाळचे राग जाहीरपणे गायला मिळतात कुठे! एका गावी रात्री नऊला कुणीतरी फर्माइशीची चिठ्ठी पाठवली, तोडी. गायिकेनं चिठ्ठी वाचली, हसल्या, घडी घालून स्वरमंडलाखाली ठेवली आणि बागेश्री सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याच गावात हॉटेलवर बारापर्यंत गाडीची वाट बघत होत्या.

दुपारचं जरा अवघड आहे, हे मीही मान्य करतो. सारंगाची खरी दुपार वैशाखातली. भुसावळला पारा पंचेचाळिशीच्या पार जातो, बारा ते चार रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा शुद्ध सारंगाच्या दोन मध्यमांना जो अर्थ येतो तो इतर वेळी येत नाही असं मला वाटतं. पण त्या उन्हात लोकांना घराबाहेर काढणं क्रूरपणाचं, आणि सभागृहात कूलर लावले तर त्यांच्या घरघरीत तंबोरा बुडतो. म्हणून दुपार हिवाळ्यातलीच घ्या. जानेवारीत दोन ते पाच ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. वृंदावनी सारंगानं सुरुवात, मग गौडसारंग, मध्ये भीमपलास, शेवट मुलतानी. त्यानंतर अर्धा तास चहा आणि तुमचे सगळे सत्कार. पावणेसहाला पुन्हा तंबोरे, आणि सूर्य टेकत असताना मारवा. एवढी एक दुपार-संध्याकाळ जोडून कुणी करून दाखवली तर तिकीट काढून पहिल्या रांगेत येणारी माणसं मी भुसावळहून गाडी करून घेऊन येईन. पास नको.

सगळ्यांनी सगळं करावं असं नाही. जळगावनं सकाळ घ्यावी, धुळ्यानं दुपार, अमळनेर-चाळीसगावनं कोजागिरीची रात्र. नंदुरबारला, सगळ्यात पश्चिमेला, सूर्य सगळ्यात उशिरा मावळतो, त्यांनी मारवा घ्यावा. आपापसांत बोललात तर एकच कलाकार दोन गावांत वाटून प्रवासखर्चही निम्मा होईल. आजवर एकमेकांच्या तारखांवर कार्यक्रम ठेवून श्रोते फोडण्यातच आपली शक्ती गेली आहे, हे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

आपला,
भुसावळचा एक श्रोता

ता. क. सकाळची मैफल ठरलीच तर सभागृह पाचला उघडून ठेवा, आणि पहारेकऱ्याला त्याचे वेगळे पैसे द्या. थंडीत बाहेरून आत आलेला तंबोरा लगेच जुळत नाही, खोलीची हवा अंगवळणी पडेपर्यंत तारा उतरत-चढत राहतात, जवारीही, म्हणजे तारांची ती गुंजही, नीट बोलत नाही. गायकालाही गळा तापवायला तासभर हवा आणि प्यायला गरम पाणी, फ्रीजमधली बाटली नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर भागवू नका, जमल्यास दोन खरे तंबोरे ठेवा. धरायला माणसं नसतील तर विशारदला बसलेल्या मुली क्लासांतून मिळतील, त्यांना मागे बसून तोडी ऐकायला मिळेल तो त्यांचा फायदा. आणि जनरेटर सभागृहाच्या भिंतीला लागून नको, निदान पन्नास पावलं लांब.